अन्नपूर्णाबाईची सून

पंचफुलाला नावाने हाक मारणारं गावात एकच माणूस होतं, आणि तेही 'फुला' एवढंच म्हणायचं. ते माणूस म्हणजे तिची सासू अन्नपूर्णाबाई. बाकी सगळ्या गावाला ती नुसती अन्नपूर्णाबाईची सून. रोजंदारीचा सांगावा यायचा तोही असाच, "अन्नपूर्णाबाईच्या सुनेले सांगा, उद्या वांगे तोडाले ये म्हणा." धाडच्या बाजारात भाजीची पाटी घेऊन बसली तरी गावाकडचं गिऱ्हाईक तेच नाव घेई. तिला त्याचं वाईट वाटत नसे. खरं तर बरंच वाटे. आपलं नाव या म्हातारीच्या नावाला बांधलेलं आहे, यात तिला मोठा भरवसा होता.

त्या घराची एक रीत होती, ती आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यापायीच घडलं. त्या घरात 'नाही' म्हणत नसत. घरातून निघणारा 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो, हे तर सगळ्याच घरी चालतं. पण अन्नपूर्णाबाईचं शास्त्र त्याच्या चार पावलं पुढे होतं. पंचफुला लग्न होऊन आली तेव्हा अगदीच पोर होती. दुसऱ्याच दिवशी चुलीपुढून ओरडली, "आत्याबाई, मीठ नाही!" अन्नपूर्णाबाई हातातलं सूप टाकून धावत आली आणि तिच्या तोंडावर हात ठेवला.

"अवो माय, असं काऊन बोलतं? मीठ उदंड झालं म्हण. घर ऐकते पोरी. ऐकते अन् तथास्तु म्हणते."

तेव्हापासून त्या घरात पीठ उदंड व्हायचं, तेल उदंड व्हायचं, आणि उन्हाळ्यात तर सगळंच उदंड असायचं. शेजारची जनकाबाई थट्टा करायची, "तुमच्या घरच्यावानी उदंड तं पाटलाच्या घरीबी होत नसंन व!" पंचफुला हसायची, पण ती रीत तिने कधी मोडली नाही.

लग्नाला काही वर्षं झाली आणि पंचफुलाचा नवरा शालिग्राम गेला. मिरचीच्या वाफ्यात पाणी धरताना त्याला साप चावला. शालिग्रामला पान लागलं, असं सांगत माणसं धावत आली, कारण सापाचं नाव घ्यायचं नसतं. बैलगाडीत घालून धाडच्या दवाखान्यात न्यायला निघाले आणि अर्ध्या वाटेवरूनच गाडी माघारी फिरली. अन्नपूर्णाबाई लेकाच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "निजला माहा शालिग्राम." त्याच्यापुढे ती कधी गेलीच नाही.

मूलबाळ नव्हतं. पंचफुलाचा भाऊ मोताळ्याहून गाडी घेऊन आला. त्यांच्यात पाटाची रीत होती, विधवेने दुसरं घर केलं तर कोणी नाव ठेवत नसे, आणि भावाने एक चांगला बिजवर बघूनही ठेवला होता. अन्नपूर्णाबाईने एका शब्दाने अडवलं नाही. सुनेचं बोचकं स्वतः बांधलं, वाटेत खायला भाकरी दिल्या, आणि दारात उभी राहून म्हणाली, "येजो व फुला." पंचफुला गाडीत बसली. बैल निघाले. पण भाकरी थापताना सासूने पिठाचं मडकं खरवडलेलं तिने पाहिलं होतं. घरात पीठ उदंड झालं होतं. गावची शीव यायच्या आत ती गाडीतून उतरली आणि भावाला म्हणाली, "दादा, तू जा."

भाऊ चिडला, वर्षभर बोलला नाही. ही मात्र परत येऊन चुलीपुढे बसली, जणू पाणी आणायला गेली होती. दोघींनी मिळून तोट्यात गेलेली बागाईत चुलत दिराला बटाईने, म्हणजे पिकातल्या वाट्यावर, दिली आणि पंचफुला लोकांच्या वावरात जाऊ लागली. बारा-पंधरा वर्षं अशीच गेली, आणि ती काही वाईट गेली नाहीत.

मग म्हातारीचं डोकं हळूहळू सुटत चाललं. आधी भाजीत दोनदा मीठ पडायचं. मग ती दुपारी भाकर बांधून 'शालिग्रामले देऊन येतो' म्हणत निघायची. एकदा पंचफुला शोधत शोधत गेली तर म्हातारी बागाईतल्या विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसलेली, मांडीवर भाकर, आणि खाली पाण्याकडे बघून हाका मारतेय. पंचफुलाने हाक मारली नाही. पाठीमागून सावकाश जाऊन तिने सासूला मिठी मारली आणि कितीतरी वेळ सोडलीच नाही.

दुसऱ्या दिवसापासून पंचफुलाने ते केलं जे ती कोणाला सांगत नसे. जुन्या लुगड्याची मऊ पट्टी फाडली, एक टोक म्हातारीच्या पायाला बांधलं, दुसरं घरातल्या मेढीला, मधल्या लाकडी खांबाला. पाण्याच्या मडक्यापर्यंत आणि मोरीपर्यंत जाता येईल एवढी पट्टी लांब होती. बांधताना ती सासूच्या तोंडाकडे बघत नसे. जनकाबाई अधूनमधून डोकावून जाई, पण तिला तिचा संसार होता. घरी बसावं तर खायचं काय, आणि कामाला जावं तर जितं माणूस जनावरासारखं बांधून जायचं, या दोहोंत पंचफुला रोज सकाळी मरत होती.

ही ऐंशी-एक्क्याऐंशीची गोष्ट. निराधार माणसांना सरकार दरमहा पैसे देणार, अशी बातमी त्या साली गावोगाव आली. सरपंच वामनराव ती घेऊन पंचफुलाच्या दारात आले. माणूस चांगला, गावाच्या उपयोगी पडणारा. फक्त एखादं काम मनावर घेतलं की खरंखोटं बघत बसणारा नव्हता.

"म्हातारीचं नाव देऊन टाकू," ते म्हणाले. "तेवढ्यात तुमच्या दोघींचं भागंन. मंग तुले रोज रोज कामाले जा लागणार नाही. घरी बसून कर तिचं."

पंचफुलाने डोक्यावरचा पदर सावरला. तिला रडू आलं ते दिसू नये म्हणून ती पाणी आणायला आत गेली. सरकारला आपल्या घरातली पट्टी कशी दिसली असेल, याचंच तिला नवल वाटत होतं.

चौकशीला साहेब येणार असं कळलं आणि तिने घर डोक्यावर घेतलं. भिंतींना पांढरी माती दिली. अंगणात सडा घातला. सासूला ऊन पाण्याने न्हाऊ घातलं, केसांना तेल चोपडलं, जनकाबाईचं ठेवणीतलं लुगडं मागून आणून नेसवलं. पट्टी लपवली. दूध उसनं आणलं, कानवाले कप उसने आणले. सरकार घरी येणार म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार? पाहुण्यापुढे आपली दैना मांडून बसायचं, हे त्या घराला माहीतच नव्हतं.

साहेब तलाठ्याला घेऊन आले. पाहुणे आले की म्हातारीचं डोकं कुठून कोण जाणे लखलखीत चाले. त्या दिवशीही चाललं.

"आजी, खायला-प्यायला मिळतं का?"

"उदंड हाय, साहेब."

"घरात दाणे आहेत?"

"भरेल हाय समदं. देवाची किरपा हाय."

"तुमचं कोण बघतं?"

"हे काय, माही फुला! लेकीच्या वर करते. तुमी च्या घ्या ना साहेब, थंडा होऊन राह्यला."

साहेबांनी चहा घेतला. निघताना पंचफुलाला म्हणाले, "फार छान ठेवलंय हो तुम्ही यांना." पंचफुलाला आभाळ ठेंगणं झालं. आपण परीक्षेत पास झालो, अशा थाटात तिने कप परत केले.

नापास झाल्याचं पंधरवड्याने कळलं. वामनरावांनी चावडीजवळ तिला थांबवून सांगितलं, "नामंजूर झालं बाई. सांभाळणारं माणूस घरात हाय, म्हणून म्हातारी निराधार नाही."

पंचफुलाला आधी समजलंच नाही. तिने पुन्हा विचारलं, "मी सांभाळतो म्हणून भेटत नाही?"

"हाव."

"अन् म्या टाकली असती तं?"

"तं भेटले असते."

ती तिथेच, चावडीच्या पायरीवर, चारचौघांत मटकन बसली. डोक्यावरचा पदर खाली आला तरी तिला भान नव्हतं. आता बघा, त्या कायद्यालाही मी शिव्या देणार नाही. ज्याने तो केला त्याने टाकून दिलेल्या म्हाताऱ्यांचा विचार केला होता, आणि तो चांगलाच केला होता. पण जी टाकत नाही, तिचा दिवस कसा जातो, तिला मागे काय बांधून कामावर जावं लागतं, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. राग मला येतो तो याचा. सासूला रस्त्यावर सोडणाऱ्या सुनेच्या सासूला पैसे, आणि गाडीतून उतरून परत येणारीच्या पदरात मातीसुद्धा नाही! वामनराव पंचफुलाला ऊठ ऊठ म्हणत होते आणि ती त्यांच्याकडे नुसती बघत होती.

चारेक महिन्यांनी त्या साहेबांची बदली झाली. वामनराव पुन्हा आले आणि आवाज खाली आणून बोलले.

"नवा साहेब येऊन राह्यला. एका दिवसाचं काम हाय. म्हातारीले वावरातल्या कोठ्यात नेऊन बसव. फाटकं नेसव. तू तिथं दिसू नको. अन् तिले एवढंच शिकवून ठेव, मले कोणी नाही."

"मामाजी!" पंचफुला दोन पावलं मागे सरली. "माही जीभ झडंन असं शिकवताना. त्या बाईनं आजपावतर मिठालेबी उदंडच म्हणलं."

"मंग बांध रोज मेढीले," वामनराव म्हणाले आणि निघून गेले. म्हणजे त्यांना पट्टीचं ठाऊक होतं. बहुतेक सगळ्या गावालाच ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात ती मिरच्या तोडून घरी आली तर म्हातारी जमिनीवर पडलेली. पट्टी मेढीला तीन वेढे घालून आखूड झाली होती आणि पायात रुतली होती. घोटा सुजून काळानिळा. पाण्याचं मडकं हातभर अंतरावर, आणि ओठ कोरडे पडलेले. किती वेळ तशी पडली होती देव जाणे. सुनेला बघून ती हसली.

"आली व फुला?"

"जनकाबाईले एक हाक मारा लागत होती, आत्याबाई!"

"तिले तिचे कामं. तू येणारच होती."

पंचफुलाने पट्टी विळ्याने कापून टाकली आणि चुलीत घातली. मग वामनरावांच्या घरी जाऊन दारातूनच म्हणाली, "कधी येते तुमचा साहेब?"

घरात तो शब्द शिकवायची तिची छाती नव्हती. ती सासूला वावरात घेऊन गेली, गुरांच्या रिकाम्या कोठ्यापाशी सावलीत बसवलं आणि पाय दाबत दाबत समजावलं. इथे घर नाही, इथे कोणी ऐकत नाही. एकदाच म्हणायचं. ते म्हटलं की सरकार पैसे देणार, आणि मग मी कामाला न जाता दिवसभर तुमच्यापाशी राहणार.

म्हातारी ऐकत राहिली. मग म्हणाली, "दिवसभर?"

"हाव."

"मंग म्हणतो," अन्नपूर्णाबाई म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "पण तू कान झाकून घेजो."

साहेब आले ते जीपने आले. नवा, तरणा, डोळ्यांत कणव असलेला माणूस. पंचफुला कोठ्यामागे रचलेल्या पऱ्हाटीच्या गंजीआड उभी होती. कापसाची वाळकी झाडं ती, त्यांच्या फटींतून सगळं दिसत होतं. म्हातारी पोत्यावर बसली होती, दोन दिवस न्हाऊ घातलेलं नव्हतं, अंगावर चिंध्या. जिचे केस विंचरल्याशिवाय ही कधी कामाला गेली नाही, तिच्या डोक्यात गवताच्या काड्या अडकलेल्या होत्या. आणि त्या हिनेच अडकवल्या होत्या.

साहेब उकिडवे बसले. "आजी, तुम्हाला कोण आहे?"

म्हातारीचे ओठ हलले, थांबले. तिने इकडेतिकडे पाहिलं. मग आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द तिच्या तोंडून बाहेर आला.

"मले कोणी नाही."

पंचफुलाने कान झाकले नव्हते. ते शब्द तिनेच शिकवले होते. तरी ते ऐकले आणि तिला असं झालं, जणू कोणी तिला हाताला धरून घराबाहेर काढलं. गंजीची काटकी तिने इतकी घट्ट धरली की तळहातातून रक्त आलं.

साहेबांना गहिवरून आलं. वामनरावांकडे वळून ते म्हणाले, "हे मंजूर समजा." आणि ते उठणार तोच म्हातारीने हाक मारायला सुरुवात केली. काम झालं होतं ना! आता फुलाने यायचं होतं.

"फुला! फुला व! म्हणलं म्या! ये आता!"

"फुला कोण?" साहेबांनी विचारलं.

वामनराव क्षणभर गांगरले, आणि मग पटकन म्हणाले, "फुला कोणी नाही, साहेब. भास होतात म्हातारीले."

गंजीआडची बाई थिजली. पुढे व्हावं, ओरडून सांगावं की मी आहे, इथेच आहे, असं तिच्या घशापर्यंत आलं. पण जीप अजून उभी होती. मंजूर झालेलं नामंजूर व्हायला एक पाऊल पुरे होतं. ती जागची हलली नाही. म्हातारी हाका मारत राहिली, साहेबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून समजूत घातली, "आजी, तसं कोणी नाही बरं." म्हातारीने आधी साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं, मग वामनरावांच्या. गावचा सरपंचही मान हलवत होता. ती गप्प झाली.

जीपची धूळ बसली आणि पंचफुला धावत बाहेर आली. सासूपुढे बसून तिने तिच्या केसांतल्या काड्या काढायला घेतल्या. म्हातारीने तिचा हात हळूच बाजूला केला आणि परक्या माणसाशी बोलावं तशी बोलली.

"राहू द्या बाई. तुमी कोणाच्या?"

पंचफुलाला वाटलं, उन्हाने झालं असेल. घरी नेलं, न्हाऊ घातलं, तेल लावलं. म्हातारीने सगळं करून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "तुमाले उदंड पुण्य लागंन, बाई." दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. पंचफुलाने नाव सांगितलं, शालिग्रामचं नाव घेतलं, मिठाची गोष्ट सांगितली. म्हातारी आदराने ऐकायची आणि मान हलवायची. जेवताना मात्र पानातली चतकोर भाकर काढून पदराखाली ठेवायची. कोणासाठी, ते सांगत नसे. जनकाबाई म्हणायची, "म्हाताऱ्यायचं असंच असते, मनाले लावून घेऊ नको." पैसे हाती येईस्तोवर पंचफुला म्हातारीला जनकाबाईपाशी बसवून कामाला जात राहिली, पण गावात कोणी 'अन्नपूर्णाबाईची सून' म्हटलं की आता तिला चोरी केल्यासारखं व्हायचं.

पहिले पैसे आले. चावडीसमोर अंगठे घेऊन वाटप झालं. पंचफुलाने सासूला हाताला धरून नेलं आणि आणलं. घरी आल्यावर म्हातारीने नोटा पदराच्या टोकात गाठ मारून बांधल्या. पंचफुलाने ज्वारी आणायला त्या मागितल्या, तर तिने पदर छातीशी घट्ट धरला.

"हे माह्या सुनेचे हायेत, बाई. तुमाले कसे देऊ?"

पंचफुला तिच्या समोर खाली बसली. दिवेलागण झाली होती, देवापुढे दिवा होता. कितीतरी दिवस जे विचारायचं ती टाळत होती ते तिने विचारलं.

"तुमची सून कुठं गेली, आत्याबाई?"

म्हातारी बराच वेळ पदराची गाठ चाचपत राहिली. मग तिचे डोळे भरून आले.

"म्याच घालवली तिले. म्या त्या साहेबाले म्हणलं, मले कोणी नाही. तिथंच कुठंतरी उभी होती माय माही, तिनं ऐकलं. कान झाक म्हणलं होतं म्या. हाका मारल्या, पण गेली होती. आता कशी येईन ती?"

पंचफुलाने सासूचे दोन्ही हात धरले, आणि बोलायला तोंड उघडलं, पण म्हातारीच पुढे बोलत होती, काकुळतीला येऊन.

"तुमी कामाले चार वावरांत जाता, धाडच्या बाजाराले जाता. कुठं दिसली तं सांगा तिले. म्हणा, पैसे येऊन राह्यले. आता दिवसभर घरीच राह्य म्हणा. भाकर ठेवेल हाय तिची. सांगसान ना, बाई?"

"सांगतो," पंचफुला म्हणाली. दुसरं काय म्हणणार? त्या घरात नाही म्हणायची रीत नव्हती.